घरासाठी जिना निवडताना: लोखंड की लाकूड?

जिन्याचे साहित्य ठरवण्याआधी त्याची मापे ठरली पाहिजेत, कारण अनेक घरांत उपलब्ध जागाच निम्मा निर्णय करून टाकते. खालच्या मजल्याच्या तयार फरशीपासून वरच्या मजल्याच्या तयार फरशीपर्यंतची उंची सर्वप्रथम मोजावी. समजा ही उंची 3 मीटर भरली, तर तिचे 18 समान चढ, म्हणजे एका पायरीपासून पुढच्या पायरीपर्यंतच्या उभ्या उंची, केल्यावर प्रत्येक चढ सुमारे 16.7 सेंटिमीटरचा होतो. पाय ठेवण्याची आडवी फळी, म्हणजे ट्रेड, 28 सेंटिमीटर रुंद धरली, तर चढाची दुप्पट अधिक ट्रेडची रुंदी ही बेरीज 61.4 सेंटिमीटर येते. ही बेरीज 60 ते 64 सेंटिमीटरच्या दरम्यान असली की प्रौढ माणसाचे पाऊल सहज पडते, हा हिशेब सतराव्या शतकातील फ्रेंच वास्तुविशारद फ्रांस्वा ब्लाँदेल यांच्यापासून चालत आला असून आजही तो उपयोगी पडतो. शेवटचा चढ थेट वरच्या फरशीवर पोहोचतो, त्यामुळे 18 चढांसाठी 17 ट्रेड लागतात, म्हणजे सरळ जिन्याला जमिनीवर जवळजवळ पावणेपाच मीटर लांबीची जागा हवी.

एवढी जागा मोकळी असेल, तर लोखंड आणि लाकूड हे दोन्ही पर्याय खुले राहतात. जागा कमी असेल, तर मध्ये लँडिंग, म्हणजे सपाट टप्पा, घेऊन जिना वळवावा लागतो, आणि फारच कमी असेल, तर मधल्या खांबाभोवती फिरणारा गोल जिना करावा लागतो. गोल जिना लोखंडात सोपा आणि नेमका होतो, कारण प्रत्येक पायरी एका टोकाला खांबावर वेल्ड किंवा बोल्ट करून दुसऱ्या बाजूला कठड्याने जोडता येते. तोच जिना पूर्ण लाकडात करायचा, तर पातळ पट्ट्या चिकटवून वळवण्याचे काम येणारा निष्णात सुतार लागतो. मात्र गोल जिना हा घरातला एकमेव जिना असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या पायऱ्या खांबाकडे निमुळत्या होतात, दोन माणसे एकमेकांना ओलांडू शकत नाहीत आणि पलंग किंवा कपाट वरच्या मजल्यावर नेण्याची वेळ आली की मार्गच उरत नाही.

मापांच्या बाबतीत दोन्ही साहित्यांत एक मोठा फरक आहे आणि काम सुरू झाल्यावरच तो लक्षात येतो. लोखंडी जिना बहुधा कारखान्यात पूर्ण जोडून किंवा दोन-तीन भागांत आणला जातो; तो मापाला अचूक असतो, पण जागेवर आल्यावर त्यात बदल करणे अवघड असते. लाकडी जिना सुतार जागेवर बसवतो, त्यामुळे भिंत थोडी तिरकी असली किंवा फरशीला उतार असला, तरी रंधा मारून सांधता येते. फरशी बसण्यापूर्वी मापे घेऊन लोखंडी जिना तयार केला आणि नंतर तळाला 4 सेंटिमीटर जाडीचा फरशीचा थर आला, तर पहिली पायरी तेवढ्याने बुटकी होते, आणि चढता-उतरताना नेमका तिथेच पाय अडखळतो. चढांमध्ये अर्ध्या सेंटिमीटरचा फरकही सवयीच्या पायाला जाणवतो. म्हणून लोखंडी जिन्याचे अंतिम माप फरशी बसल्यानंतरच घ्यावे, किंवा फरशीची जाडी लेखी ठरवून ती हिशेबात धरावी.

वजन आणि ताठपणा

आपण लोखंडी म्हणतो तो जिना प्रत्यक्षात पोलादाचा असतो. पोलादाची ताठरता लाकडापेक्षा पंधरा ते वीस पट अधिक असते, म्हणून लोखंडी जिना सडपातळ दिसू शकतो. एकाच मधल्या तुळईवर दोन्ही बाजूंनी तरंगल्यासारख्या पायऱ्या, भिंतीतून बाहेर आलेल्या सुट्या पायऱ्या, किंवा पत्रा दुमडून केलेला जिना हे प्रकार पोलादाच्या याच गुणामुळे शक्य होतात. या ताठरतेबरोबर वजनही येते. पोलादाचे वजन घनमीटरला 7850 किलो आणि सागाचे साधारण 650 किलो असते. वर सांगितलेल्या जिन्याची तिरकी लांबी सुमारे 5.6 मीटर भरते; त्याच्या दोन्ही बाजूंना 25 सेंटिमीटर उंच व 10 मिलिमीटर जाड पोलादी पट्ट्या घेतल्या, तर केवळ त्या दोन पट्ट्यांचे वजन 220 किलोच्या आसपास जाते. 90 सेंटिमीटर लांबीची 4 सेंटिमीटर जाड सागवानी पायरी साडेसहा किलोची होते, तर त्याच मापाची 6 मिलिमीटर पत्र्याची पायरी जवळपास 12 किलोची. माणसांचे वजन याहून वेगळे.

हे सगळे वजन वरच्या टोकाला कशावर टेकणार आहे, हा प्रश्न स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. काँक्रीटची तुळई किंवा स्लॅब असेल, तर अँकर बोल्ट नीट धरतात. पोकळ विटांच्या किंवा हलक्या ब्लॉकच्या भिंतीत ते कालांतराने सैल होतात. भिंतीतून निघालेल्या सुट्या पायऱ्यांचा मोह पडला असेल, तर भिंतीच्या आत पोलादी सांगाडा आधीच उभा करावा लागतो, आणि बांधून पूर्ण झालेल्या घरात हे काम फार तोडफोडीचे असते. जुन्या घराच्या लाकडी तुळयांवर जिना टेकवायचा असल्यास हलका लाकडी जिना बहुधा अधिक समंजस ठरतो.

सडपातळ लोखंडी जिन्याची आणखी एक अडचण अशी की तो मजबूत असूनही पावलागणिक किंचित थरथरतो. त्यात तुटण्याचा धोका नसला, तरी घरातल्या ज्येष्ठांना त्या थरथरीची भीती वाटते आणि ती माणसे जिना टाळू लागतात. म्हणून आराखडा पाहताना भार किती पेलतो एवढेच न विचारता, मध्यभागी तो किती लवतो आणि चालताना हलतो का, हेही विचारावे. जमल्यास त्याच कारागिराने बसवलेल्या एखाद्या जिन्यावरून प्रत्यक्ष चढून उतरून पाहावे.

पाणी आणि दमट हवा

माझ्या मते निवडीचा खरा कौल इथे लागतो. जिना कोरड्या, बंदिस्त जागेत आहे, की पावसाची झड, बाथरूमची वाफ, समुद्राची खारी हवा किंवा रोजच्या पोछ्याचे पाणी त्याच्यापर्यंत पोहोचते, याचे प्रामाणिक उत्तर आधी स्वतःलाच द्यावे.

लोखंड गंजते हे सर्वांना माहीत असते, पण ते कुठून गंजते हे फार थोडे लोक पाहतात. सुरुवात बहुधा जिन्याच्या पायथ्याशी होते, जिथे पट्टी फरशीला टेकते आणि पुसण्याचे पाणी त्या फटीत साचून राहते. दुसरी जागा वेल्डिंगच्या कडांची. तिथली काळी खपली आणि उडालेले थेंब ग्राइंडरने साफ न करता वरून रंग मारला, तर रंग लोखंडाला धरतच नाही. तिसरी जागा बॉक्स सेक्शनची, म्हणजे चौकोनी पोकळ नळीची, आतली पोकळी, जिच्यात न बुजवलेल्या भोकातून पाणी शिरते आणि बाहेर येत नाही. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्यामुळे तो रंगाला आतून उचलतो, म्हणून रंगावर फोड दिसला की नुसता वरून हात मारू नये. तेवढा भाग लोखंडापर्यंत खरवडून, प्राइमर लावून मगच रंगवावा.

घराच्या आतल्या जिन्याला नीट साफसफाई, गंजरोधक प्राइमर आणि त्यावर दोन हात रंग पुरतो. पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची कोरडी भुकटी भाजून केलेला थर, दिसायला सुबक आणि टिकाऊ असते, पण ते भट्टीत साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसला भाजले जाते. त्यामुळे जागेवर वेल्डिंग केल्यास तिथला थर जळतो आणि तो तसाच परत करता येत नाही. उघड्यावरच्या जिन्यासाठी वितळलेल्या जस्तात बुडवून केलेले गॅल्वनायझिंग सर्वांत भरवशाचे, कारण ओरखडा पडला तरी शेजारचे जस्त आधी झिजते आणि लोखंड काही काळ सुरक्षित राहते. असा जिना जागेवर बोल्टने जोडण्याच्या बेतानेच तयार करावा. समुद्राजवळ स्टेनलेस स्टील वापरायचे असेल, तर 304 ऐवजी 316 प्रतीचा आग्रह धरावा. त्यातील मॉलिब्डेनम या धातूमुळे खाऱ्या हवेत ते अधिक टिकते.

लाकडाचा स्वभाव वेगळा आहे. ते हवेतील ओलावा घेते आणि सोडते, आणि त्यानुसार रेषांच्या आडव्या दिशेने फुगते व आकसते. लांबीच्या दिशेने हा फरक नगण्य असतो. 28 सेंटिमीटर रुंदीच्या सागाच्या आडव्या कापाच्या फळीतला ओलावा 4 टक्क्यांनी बदलला, तर तिची रुंदी सुमारे 2 मिलिमीटरने बदलते. हे 2 मिलिमीटर कुठेतरी जायलाच हवेत. त्यांना वाट ठेवली नसेल, तर फळी तडकते किंवा तिच्या कडा वर उचलल्या जातात. म्हणून घरातल्या जिन्यासाठी लाकडातील ओलावा साधारण 8 ते 12 टक्के असावा, तो मीटर लावून आपल्यासमोर मोजून घ्यावा, आणि फळ्या काही आठवडे त्याच घरात, खाली पट्ट्या देऊन, हवा खेळेल अशा रीतीने रचून ठेवाव्यात. एका अखंड रुंद फळीपेक्षा अरुंद पट्ट्या चिकटवून केलेली फळी कमी वाकते, त्यामुळे ती हलक्या प्रतीची समजून नाकारू नये. नाकारायचे ते दाबलेल्या भुश्याच्या किंवा एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या फळीच्या, पायऱ्यांना.

पॉलिशच्या वेळी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. बरेच कारागीर फळीच्या वरच्या बाजूला तीन-चार हात देतात आणि खालची बाजू कोरी सोडतात, कारण ती दिसत नाही. मग खालून ओलावा आत-बाहेर होत राहतो, वरून होत नाही, आणि फळी काही महिन्यांत पन्हळीसारखी वाकते. सहाही बाजूंना, विशेषतः दोन्ही टोकांच्या कापलेल्या कडांना, बसवण्यापूर्वीच पॉलिश लागले पाहिजे. वाळवीचा धोका असलेल्या ठिकाणी जिन्याच्या बाजूच्या फळ्या थेट जमिनीला टेकवू नयेत. खाली दगडाचा किंवा धातूचा तुकडा द्यावा. झाडाच्या गाभ्याचे लाकूड किडीला पुष्कळ दाद देत नाही, सालीलगतचे फिकट लाकूड मात्र लवकर पोखरले जाते, म्हणून फळीच्या कडेला फिकट पट्टा दिसत असेल तर ती फळी परत करावी.

आवाज, स्पर्श आणि घसरण

लाकडी जिना करकरतो तेव्हा दोष लाकडाचा नसतो. दोन भाग एकमेकांवर घासत असतात, किंवा खिळा आपल्या भोकात वर-खाली होत असतो. सांध्यात सरस, खिळ्यांऐवजी स्क्रू, आणि ट्रेड व मागची उभी फळी यांच्या कोपऱ्यात खालून चिकटवलेले लाकडी ठोकळे एवढे केले, तर हा आवाज वर्षानुवर्षे येत नाही. लोखंडी जिन्याचा आवाज वेगळा असतो. पत्र्याच्या पायरीवर पडलेले पाऊल घंटेसारखे घुमते आणि सांगाड्यातून शेजारच्या खोलीपर्यंत पोहोचते. पायरीवर लाकूड किंवा रबर घातल्याने आणि भिंतीला टेकण्याच्या जागी रबरी पॅड दिल्याने तो बराच कमी होतो. जिन्यालगत झोपण्याची खोली असेल, तर उघड्या पत्र्याच्या पायऱ्या घेऊ नयेत.

अनवाणी वावरणाऱ्या घरात स्पर्शाला महत्त्व असते. पोलाद लाकडापेक्षा शेकडो पटींनी अधिक उष्णतावाहक असल्यामुळे थंडीत ते पायाला झोंबते आणि उन्हात तापले तर पाय ठेववत नाही. हातधरणीचेही तसेच, सांगाडा कोणताही असो, हात ज्यावर सरकतो ती पट्टी लाकडाची असावी असे मला मनापासून वाटते. घसरण मात्र दोन्हींत होते. चकचकीत पॉलिश केलेले लाकूड मोज्यांखाली धोकादायक असते, म्हणून मंद चकाकीचे पॉलिश आणि पायरीच्या कडेजवळ खाचा किंवा खरखरीत पट्टी घ्यावी. बाहेरच्या लोखंडी जिन्याला जाळीच्या पायऱ्या उत्तम, कारण त्यांवर पाणी साचत नाही, पण त्या चपलेशिवाय चालण्याजोग्या नसतात.

लहान मुले असलेल्या घरात कोणत्याही फटीतून 10 सेंटिमीटरचा चेंडू जाता कामा नये. कठड्याचे गज उभे असावेत, आडव्या गजांवर मुले चढतात. मागची बाजू उघडी असलेल्या जिन्यात 16.7 सेंटिमीटरच्या चढातून 4 सेंटिमीटर ट्रेड वजा केला, तर 12.7 सेंटिमीटरची फट उरते. ट्रेडच्या खाली मागच्या कडेला 3 सेंटिमीटरची पट्टी लावली की ती 9.7 वर येते आणि जिन्याचे मोकळे रूपही फारसे बिघडत नाही.

आगीविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. लोखंड जळत नाही म्हणून लोखंडी जिना आगीत सुरक्षित, असे सरसकट म्हणता येत नाही. 550 ते 600 अंश सेल्सिअसच्या आसपास पोलादाची ताकद जवळपास निम्मी होते आणि घराला लागलेली आग हे तापमान सहज ओलांडते. जाड लाकडाच्या तुळईचा बाहेरचा भाग मिनिटाला साधारण पाऊण मिलिमीटर या गतीने कोळसा होत जातो आणि आतला गाभा काही वेळ भार पेलत राहतो; पातळ फळ्यांना मात्र हा लाभ मिळत नाही, आणि लाकूड आगीला खाद्य पुरवते हेही खरे. जिना हाच बाहेर पडण्याचा एकमेव मार्ग असेल, तर इंजिनिअरकडून अग्निसुरक्षेचा स्वतंत्र विचार करून घ्यावा.

लोखंडाचा सांगाडा, लाकडाच्या पायऱ्या

कोरड्या घरातल्या मुख्य जिन्यासाठी मी बहुतेकांना हाच मार्ग सुचवेन. भार पोलाद घेते, पाय आणि हात लाकडाला लागतात, आणि एखादी पायरी खराब झाली तर तेवढीच काढून बदलता येते. तरीही या जोडीत दोन स्वभाव एकत्र येतात, आणि सांधा चुकला की दोन्हींचे दोष वाट्याला येतात.

पायरी धरणाऱ्या पोलादी पट्टीला गोल भोके न पाडता लांबट खाचा पाडाव्यात आणि त्या पायरीच्या रुंदीच्या दिशेने असाव्यात, म्हणजे लाकूड फुगले-आकसले तरी स्क्रू खाचेत सरकतो आणि फळी तडकत नाही. पुढच्या कडेजवळचा स्क्रू मात्र गोल भोकात घट्ट ठेवावा. त्यामुळे पायरीची पुढची कड जागची हलत नाही आणि सगळी हालचाल मागे ढकलली जाते. स्क्रू खालून बसवावेत, वरून नकोत. ओकसारख्या टॅनिन हे तुरट द्रव्य असलेल्या लाकडाला ओलसर अवस्थेत उघडे लोखंड लागले, तर निळसर काळे डाग पडतात आणि ते खोलवर उतरतात, म्हणून लोखंड पूर्ण रंगवलेले असावे, मध्ये रबराची पातळ पट्टी असावी आणि स्क्रू स्टेनलेस असावेत. वेल्डिंग आणि ग्राइंडिंग संपून सांगाडा रंगवून झाल्याशिवाय लाकडी पायऱ्या जागेवर आणूच नयेत; ग्राइंडरच्या ठिणग्यांतले लोखंडाचे कण लाकडावर पडले, तर पहिल्या ओलाव्यातच तिथे ठिपके उमटतात.

पूर्ण लाकडी जिना कुणी करावा? ज्यांच्याकडे कोरडी जागा आहे, चांगले वाळलेले लाकूड मिळण्याची खात्री आहे आणि सांधे जाणणारा सुतार आहे, त्यांनी अवश्य करावा. असा जिना घासून पुन्हा पॉलिश करता येतो, आणि जाड फळी असेल तर हे अनेकदा करता येते. उघड्यावर, गच्चीकडे जाणाऱ्या वाटेवर किंवा सतत ओल असलेल्या ठिकाणी पूर्ण लोखंडी जिनाच घ्यावा. आसपास कोणता कारागीर चांगला आहे, याला मी साहित्यापेक्षाही अधिक वजन देईन, कारण उत्तम लोहाराने केलेला लोखंडी जिना हा कच्च्या सुताराच्या सागवानी जिन्यापेक्षा नेहमीच बरा असतो.

काम देताना आणि घेताना

दर मागवताना केवळ एकूण रक्कम विचारू नये. लोखंडी कामात पट्टीची जाडी, वेल्डिंग सलग की टाक्यांचे, प्राइमरचा प्रकार आणि रंगाचे हात हे लिहून घ्यावे; लाकडी कामात जात, तयार फळीची जाडी, ओलाव्याची मर्यादा आणि पॉलिश किती बाजूंना हे लिहून घ्यावे. तयार जाडी असा शब्द मुद्दाम वापरावा, कारण 40 मिलिमीटरची म्हणून कापलेली फळी रंधा मारल्यावर 35 च्या आसपास उरू शकते. दोन वेगळे कारागीर काम करणार असतील, तर खाचांची जागा आणि मापे एका कागदावर काढून त्यावर दोघांची संमती घ्यावी.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी प्रत्येक चढ टेपने मोजावा आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही दिशांनी पाणसळ ठेवून पाहावी. मधल्या पायरीवर टाचेने जोर देऊन थरथर आणि आवाज तपासावा. कठड्याला वरच्या पट्टीजवळ बाहेरच्या बाजूला जोराने रेटून पाहावे. तो पायाशी हलत असेल, तर बोल्ट बदलून घ्यावेत. आरसा घेऊन पायऱ्यांची खालची बाजू पाहावी, कारण न रंगवलेले वेल्ड आणि कोरे राहिलेले लाकूड तिथेच सापडते. लाकडी पायऱ्या असल्यास ऋतू बदलल्यावर एकदा येऊन स्क्रू आवळून देण्याची अट करारातच घालावी आणि त्या कामासाठी थोडी रक्कम मागे ठेवावी.